चिनी हॉटेलात सासूबाई

सासू तोंडाकडे बघत बसली की घास घशाखाली उतरत नाही. ज्यांनी हे भोगलंय त्यांना मी वेगळं काय सांगू? लग्न होऊन नागपूरला पाचपावलीतल्या त्या घरात आले तेव्हा मी अठरा वर्षांची होते. पहिल्या दिवसापासून सासूबाई माझ्या तोंडाकडे बघायच्या. नजर चोरून नाही, चांगली मान वर करून बघायच्या. मी घास तोंडात घातला की त्यांचा हात थांबायचा, आणि मी गिळला की पुन्हा चालू व्हायचा. माहेरी उमरेडला आम्ही पाच बहिणी एका परातीत जेवायचो आणि कुणी कुणाकडे बघत नसे. इथं मला वाटे, ही बाई माझे घास मोजते.

घर कोष्ट्यांचं. सासरे होते तोवर पुढच्या खोलीत माग होता. ते गेल्यावर सासूबाईंनी मागाचा खड्डा फळ्यांनी झाकून टाकला, वर सतरंज्या अंथरल्या आणि गिरणीतल्या माणसांना तिथं जेवायला बसवायला लागल्या. मटणाचा काळा रस्सा, भाकरी, भात, कांदा, बस. पण त्या रश्श्यासाठी लोक इतवारीहून चालत येत. भिवापूरची मिरची, काळपट होईपर्यंत भाजलेलं खोबरं, जवस, खसखस, दगडफूल, सगळं पाट्यावर वाटलेलं. वजन नाही, माप नाही, जे काही होतं ते सासूबाईंच्या जिभेवर. तेरा वर्षं त्या जिभेवर घर चाललं, मुलगा शिकला, सचिवालयात कारकून झाला.

रस्सा उकळून वर तेल आलं की रोज हाक यायची, "इकडे ये वं." मी हातातलं काम टाकून जायची. त्या पळीतला रस्सा माझ्या तळहातावर टाकायच्या आणि म्हणायच्या, "चाख." मी चाखायची. आणि मी तोंड उघडून काही बोलायच्या आत त्या चुलीकडे वळलेल्या असायच्या. कधी मिठाची चिमूट टाकायच्या, कधी थोडं पाणी, कधी काहीच नाही. मग मला विचारायचं कशाला? गल्लीतल्या बायका मला म्हणायच्या, "नशीब काढलं वं पोरी, पहिला थेंब सुनेले देते." मला ते नशीब नको होतं. मला एकदा, फक्त एकदा, माझ्याकडे कुणी न बघता पोटभर जेवायचं होतं.

नवऱ्यापाशी मी रोज तेच दळण दळायची. "तुमच्या आईले माझं खाणं पाहवत नाई." ते म्हणायचे, "तुले भास होते." मी म्हणायची, "मग या, बसा माझ्या जागी." दोन वर्षं हे चाललं. मग राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरची राजधानी गेली. सगळ्या गावावर सुतक आल्यासारखं झालं होतं, चौकाचौकात माणसं तोंडं पाडून उभी असायची. सचिवालयातल्या लोकांना विचारत होते, मुंबईला कोण जायला तयार आहे? आणि मी, गावावर सुतक असताना, मनातून पेढे वाटत होते. नवऱ्याच्या मागे लागून लागून मी त्यांना तयारीचा कागद लिहायला लावला. महिन्याभरात मुंबईचा हुकूम हातात आला.

सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्या मिरच्यांचे देठ काढत होत्या. मुलगा म्हणाला, "माय, तू पण चाल." त्या म्हणाल्या, "मी काय करू बाप्पा तिथं? एका खोलीत भिंतीकडे पाहत बसू? मले खानावळ आहे." आणि जरा थांबून म्हणाल्या, "तुम्ही जा." एवढंच. रड नाही, ओरड नाही. मला तर चुकल्यासारखंच झालं, कारण मी भांडणाची पूर्ण तयारी करून बसले होते.

आता ते जेवण. जाण्याआधी आईला एकदा बाहेर जेवायला न्यावं हे नवऱ्याच्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे. त्यांच्या ऑफिसातल्या एका मद्राशी बाबूनं सांगितलं होतं, सदरमध्ये एका चिन्यानं हॉटेल काढलंय. लढाईच्या वेळी बिहारात चिनी पलटणीचा तळ होता, तिथं हा आचारी होता. लढाई संपली, पलटण परत गेली, हा इकडेच राहिला. साहेब लोकांना गोडं-अळणी करून घालतो, पण त्याच्या मुलखाचं तिखट मागितलं तर माणूस रडतो. हे शेवटचं वाक्य म्हणजे आमच्या घरावर टाकलेला दगडच होता. साव्जींच्या, म्हणजे आम्हा कोष्ट्यांच्या, पोराला कुणी तिखटाची भीती घालतं का? नवरा त्या दिवशी घरी आला तो बाह्या सरसावतच आला.

मला वाटलं सासूबाई उडवून लावतील. चिनी माणसं काय खातात याबद्दल आमच्या गल्लीत ठाम मतं होती, आणि त्यात साप हा त्यातल्या त्यात बरा पदार्थ होता. पण सासूबाईंनी फक्त विचारलं, "खरंच तिखट आहे का गा?" मुलगा म्हणाला, "लोक रडते म्हणते." त्या म्हणाल्या, "मग चाल." मी बघतच राहिले. जी बाई लग्नाच्या पंगतीतसुद्धा पाण्याशिवाय काही घेत नसे ती चिन्याकडे जेवायला निघाली.

अमावास्येचा दिवस ठरला. अमावास्येला माग बंद ठेवायचा ही कोष्ट्यांची रीत. माग गेला तरी सासूबाईंनी ती सुट्टी चुलीला लावून ठेवली होती, म्हणून महिन्यातून तो एक दिवस खानावळ बंद. नवऱ्यानं रजा टाकली. सासूबाईंनी काठाचं नऊवारी नेसलं, माझ्या अंगावर लग्नातलं पातळ, आणि भर दुपारी आम्ही टांग्यात बसून सदरला गेलो.

हॉटेल म्हणजे एक लांबट खोली होती. पाच टेबलं, त्यांवर मेणकापड, भिंतीवर लाल कागदाचे कंदील. एका कोपऱ्यात मिशनच्या दवाखान्यातल्या दोन गोऱ्या नर्सबाया सूप पीत होत्या. सासूबाई खुर्चीत पाय वर घेऊन मांडी घालून बसल्या आणि त्यांना कुणी उतरवू शकलं नसतं. मालक स्वतःच आला. पन्नाशीचा, किडकिडीत, बनियनवर पांढरा ॲप्रन. हिंदी बोलत होता, पण तोडून तोडून.

नवरा म्हणाला, "आपके मुल्क का तीखा लाओ."

मालकानं आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माताजी भी खाएगा? बहुत तेज है, बाबू. रोएगा."

नवरा हसला. सगळं दुकान हसण्यानं भरून टाकलं. "हम लोग साव्जी हैं. तुम बनाओ. जितना अपने लिए डालते हो, उतना डालो. उससे जादा डालो."

इथं आम्ही चुकलो. आमच्या लोकांच्या मनात तिखटाचा एकच रस्ता आहे, मिरचीचा, आणि त्या रस्त्यावर आमच्या पुढं कुणी नाही अशी आमची खात्री. दुसराही एखादा रस्ता असेल हे कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ताटली आली तेव्हा नवऱ्याला आणखी हसू आलं. सुक्या लाल मिरच्यांचा ढीग आणि त्यात कोंबडीचे बोराएवढे तुकडे शोधावे लागत होते. मिरच्या अख्ख्या, नुसत्या तेलात परतलेल्या. सासूबाईंनी एक मिरची दोन बोटांत धरली, वास घेतला आणि खाली ठेवली. मिरच्यांच्या मध्ये बारीक तपकिरी फळं होती, तोंड उघडलेली, जिऱ्याहून मोठी आणि मिऱ्याहून लहान. मला वाटलं धने असतील, जळालेले.

पहिला तुकडा मी खाल्ला. तिखट लागला, पण आमच्या रश्श्यापुढं काही नाही. दुसरा खाल्ला. त्यातलं ते तपकिरी फळ दाताखाली फुटलं, लिंबाच्या सालीचा वास नाकात गेला, आणि मग माझी जीभ मेली.

मी हे वाढवून सांगत नाही. आधी ओठांना मुंग्या आल्या. मग जिभेचा शेंडा थरथरायला लागला, आणि बघता बघता सगळी जीभ लाकडाची झाली. मी ती दातांनी चावून पाहिली तर काही कळेना. पाणी प्यायले तर पाणी खारट लागलं. माझ्या तोंडातून लाळ गळत होती आणि मला ते पदरावर पडल्यावर दिसलं. मी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. ते दोन्ही हातांनी स्वतःचे ओठ चाचपत होते आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

"विष," ते म्हणाले. म्हणाले असं मला वाटतं, कारण त्यांची जीभ वळत नव्हती. "धोत्रा घातला त्यानं. माय, थुंक! थुंक ते!"

आणि खुर्ची पाडून ते आतल्या बाजूला, स्वयंपाकघरात धावत गेले. आतून "क्या डाला इसमें? क्या डाला?" असं ओरडणं ऐकू येऊ लागलं. नर्सबाया उठून उभ्या राहिल्या. मी सासूबाईंकडे वळले, त्यांच्या तोंडातलं काढायला. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्या जेवत होत्या.

चमचा सोडून हातानं जेवत होत्या. मिरच्या बाजूला सारून, ती तपकिरी फळं निवडून निवडून तोंडात टाकत होत्या. मी त्यांचा हात धरला. "आत्याबाई, टाका ते! विष आहे!"

त्यांनी माझा हात झटकला. माझ्या तोंडाजवळ तोंड आणून हळू आवाजात म्हणाल्या, "हालली वं. जीभ हालली."

"मरून राहिली ती! माझी पण मेली!"

"तुझी मरत असन. माझी मेलेलीच होती." त्यांनी पदरानं डोळे पुसले, पण ते थांबेनात. "तीन वर्षं झाले. मीठ नाई, आंबट नाई, मसाला नाई. मिरची तेवढी चटका देते, तोही पायाले लागावा तसा, दूर कुठी तरी. आज काई तरी होऊन राहिलं तिच्यावर. खाऊ दे मले."

आतला आरडाओरडा मला ऐकू येईनासा झाला. मी विचारलं, "मग रस्सा? रोजचा रस्सा?"

त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, नेहमीसारख्याच. "मीठ कमी असलं की तू लवकर गिळत नाई. जास्त झालं की तुझी डावी भुवई आखडते. तिखट बरोबर झालं की नाकाच्या शेंड्यावर घाम येते. मसाला कच्चा राहिला तर जीभ टाळूले लावते तू. तुले स्वतःले नाई ठाऊक." आणि लगेच, "त्याले नको सांगू. त्याच्या पोटात काई राहत नाई. गल्लीत समजलं तर उद्यापासून कोण येईन? जिभेविना रांधणारी बाई."

दोन वर्षं. दोन वर्षं मी ज्या नजरेला शिव्या दिल्या, जिच्या पायी नवऱ्याला गाव सोडायला लावलं, ती नजर माझ्या भुवईवर मीठ शोधत होती. माझा चेहरा म्हणजे त्या बाईची जीभ होती आणि मी तो चेहरा उचलून मुंबईला घेऊन निघाले होते. आणि तिनं "तुम्ही जा" म्हटलं होतं, मिरच्यांचे देठ काढता काढता.

तेवढ्यात नवरा आणि मालक दोघेही बाहेर आले. मालकाच्या हातात पत्र्याचा डबा होता. त्यानं डब्यातली मूठभर फळं आमच्या देखत स्वतःच्या तोंडात टाकली आणि कडाकडा चावून दाखवली. "जहर नहीं, बाबू. हमारा गाँव का मसाला. कलकत्ता से मँगाता. आधा घंटा, फिर सब ठीक." मग त्याचं लक्ष सासूबाईंच्या रिकाम्या होत आलेल्या ताटलीकडे गेलं, आणि तो एकदम खूश झाला. त्याच्या मुलखाचं इतकं मन लावून खाणारं त्याला या गावात पहिल्यांदाच कुणी भेटलं असावं. तो नुसता हात जोडून उभा राहिला. नवरा शरमला.

परतीच्या टांग्यात सासूबाई तोंड घट्ट मिटून बसल्या होत्या. नवऱ्यानं दोनदा विचारलं, "माय, बरं आहे ना?" त्यांनी मान हलवली, तोंड उघडलं नाही. आत जे काही थरथरत होतं ते सांडू नये म्हणून, हे मला तेव्हा कळलं. सीताबर्डीपर्यंत माझ्या जिभेला जाग येऊ लागली. रेल्वेचा पूल ओलांडला तेव्हा ती पूर्ण ठीक झाली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी नजर बाहेर वळवली.

घरी आल्यावर नवरा कुणाकडे तरी ही हकीकत सांगायला गेला. सासूबाई लुगडं न बदलता सरळ स्वयंपाकघरात गेल्या, बरणीतून मीठ घेतलं आणि जिभेवर ठेवलं. मी दारात उभी. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग आणखी चिमूटभर घेतलं. मग त्या मोरीत थुंकल्या.

"नाई वं," म्हणाल्या.

मी तिथंच खाली बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि आधी राग बाहेर पडला. "मले काहून नाई सांगितलं? मी काय परकी होती?"

"सांगितलं असतं तर तू चेहरा केला असता. मले खरा पाहिजे होता." त्या चुलीपाशी टेकल्या. "मुदतीचा ताप आला होता मले, तुझ्या लग्नाच्या आदल्या वर्षी. एकवीस दिवस. ताप गेला आणि चव घेऊन गेला. दोन-चार महिने अंदाजानं रांधलं. एक दिवस एक जण ताटावरून उठून गेला. मी म्हटलं, आता सून पाहा लागते."

मला कळेना. त्या माझ्याकडे न बघता सांगत होत्या. "चार पोरी पाहिल्या. तुझ्या मायले वाटलं मी तुझा रंग पाहून राहिली. मी पोह्यात मीठच टाकू नको म्हटलं होतं तिले, चुपचाप. बाकीच्या तिघींच्या घरी पण तसंच. तिघी सारख्याच तोंडानं खात होत्या, शहाण्या. तू पहिलाच घास घेतला आणि तुझं तोंड पाहून मले समजलं."

आमच्याकडे माहेरी माझ्या लग्नाची गोष्ट कौतुकानं सांगत. मोठ्या घरचं स्थळ, सचिवालयातला मुलगा, एकदा पाहिलं आणि पसंत केली, कारण काय तर डोळे. माझे डोळे चांगले आहेत हे मला तेव्हापासून ठाऊक होतं आणि मी त्यांत नेमानं काजळ घालत होते. त्या दुपारी समजलं की मला डोळ्यांसाठी नाही, अळणी पोह्यांसाठी पसंत केलं होतं. हसावं की आदळआपट करावी हे न कळून मी दोन्ही केलं नाही. पातळ बदलून घडी घालायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचे लोक यायच्या आधी हाक आली, "इकडे ये वं." तळहातावर रस्सा पडला. मी चाखला आणि त्या बघायला लागल्या. आणि माझा चेहरा अडला. मला माझी भुवई जाणवू लागली, नाक जाणवू लागलं. गिळू की थांबू, जीभ कुठं ठेवू? फोटो काढताना माणूस जसा ताठ होतो तसं माझं तोंड झालं. सासूबाई बघत राहिल्या. एकदा चुलीकडे वळल्या, परत माझ्याकडे आल्या. त्यांच्या डोळ्यांत मला पहिल्यांदा भीती दिसली.

"गेलं," त्या म्हणाल्या. "मी कालच चूप राहायले पाहिजे होतं."

बाहेर पहिली माणसं चपला काढत होती. मी तो उरलेला रस्सा चाटला, नीट चाटला, आणि म्हणाले, "मीठ कमी आहे, आत्याबाई."

त्या घरात सासूच्या रश्श्याला नावं ठेवायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती. त्यांनी मिठाची बरणी घेतली, चिमूट धरली आणि विचारलं, "एवढं?" मी म्हणाले, "त्याच्या अर्धं." त्यांनी अर्धं मीठ परत बरणीत टाकलं आणि उरलेलं रश्श्यात. मी खरं सांगत होते की खोटं, हे तपासायला त्यांच्यापाशी काही नव्हतं. दोन वर्षं त्या माझ्यावर संशय घेतात म्हणून मी जळफळत होते, आणि आता त्या माझ्या एका शब्दावर सगळं पातेलं सोडून देत होत्या. मला त्या चिमटीचीच धास्ती बसली.

मुंबईला जायला एकवीस दिवस उरले होते. त्या एकवीस दिवसांत सासूबाई एकदाही "राहा" म्हणाल्या नाहीत. चाखायला दुसरी कुणी पाहू का असं मी विचारलं तर म्हणाल्या, "दुसरी गल्लीभर सांगन." मी खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं. समुद्र पाहायचा होता. नवरा संध्याकाळी ऑफिसातून येईल, दोघंच जेवू, कुणी बघणार नाही, हे सगळं मी मनात मांडून ठेवलं होतं. ते सोडताना मला त्या म्हातारीचा असा राग आला की भाकरी थापताना परात दणाणायची. अजूनही कधी कधी येतो. पण दर दुपारी साठ माणसं पुढच्या खोलीत जेवत आणि जाताना दारातून आत ओरडत, "माय, आज तर कमाल केली वं!" आणि त्या माझ्याकडे बघत. त्यावर मी काय करणार होते?

मी जात नाही, असं नवऱ्याला सांगितलं. का ते सांगितलं नाही, सासूबाईंनी बजावलं होतं. ते आधी हसले. मग म्हणाले, "तूच तर माझा जीव खाल्ला मुंबईसाठी. कागद तुझ्यासाठी लिहिला मी." खरंच होतं. मला एक धड सबब सांगता येईना. ते रोज विचारत आणि मी रोज काहीतरी वेडंवाकडं सांगे.

जायच्या दिवशी ट्रंक टांग्यात चढली. दारात ते माझ्यासमोर उभे राहिले आणि सगळ्या गल्लीसमोर म्हणाले, "एकदा सांग. तुले नवऱ्यासंग राहायचं नाई का?"

मी तोंड उघडलं, पण आवाज आला तो मागून. सासूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या.

"तिले काय विचारतो? मी नाई सोडत तिले. म्हातारपणी मले सून पाहिजे घरात. तुझा संसार मागून पाहू."

त्यांनी आपल्या मुलाकडे इतक्या थंडपणे पाहिलं की मलाही क्षणभर ते खरं वाटलं. नवरा आईच्या पाया न पडताच टांग्यात जाऊन बसला. मागं वळून पाहिलं नाही. शेजारच्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. त्या दिवसापासून त्याच बायका मला म्हणायला लागल्या, "बिचारी वं, कशी सासू भेटली." मी ऐकून घेत असे.

सासूबाई वारेपर्यंत, तीन वर्षं, मुंबईहून दर पंधरा दिवसांनी पत्र यायचं. माझ्या नावावर. खोलीचं, पावसाचं, खानावळीतल्या गोड आमटीचं लिहिलेलं असायचं. आईचा उल्लेख नसायचा, एका ओळीचाही नाही. सासूबाईंना वाचता येत नव्हतं, त्या चुलीपाशी बसून म्हणायच्या, "वाच." मी वाचायची, आणि शेवटी माझ्या पदरचं जोडायची, "तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. तब्येतीची काळजी घे." त्या मान हलवायच्या आणि कामाला लागायच्या.

असं किती पत्रांपर्यंत चाललं ते आठवत नाही. एका दुपारी मी वाचत होते, नमस्काराशी आले, आणि त्या म्हणाल्या, "राहू दे."

"काय राहू दे?"

"तो नमस्कार. नाई आहे तो कागदात." त्या चुलीत लाकूड सारत होत्या. "पहिल्या पत्रापासून नाई आहे. वाचताना तुझं तोंड दिसते मले."

मी पत्राची घडी घालायला लागले. त्या म्हणाल्या, "मागचंच पुन्हा वाच, खोलीचं वगैरे. त्याचं छत गळून राहिलं का अजून, ते पाह्य."

मी पत्र पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं.